राखीव खेळ

येडशी हें आमचें गांव बालाघाटच्या डोंगररांगेंत, धाराशिव व बार्शी यांच्या दरम्यान वसलेलें आहे. रामलिंगाच्या दरीमुळें व तेथील अभयारण्यामुळें बाहेरच्या लोकांस तें थोडेंबहुत ठाऊक असतें. श्रावणांत दर्शनास येणारी मंडळी तेथील धबधबा व माकडें पाहून परत जातात. परंतु गांवांतील जुन्या माणसांपाशीं येडशीची गोष्ट काढाल तर तीं देवळामागोमाग आगगाडीचें नांव घेतील. ही आगगाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें उभारलेल्या कंपनीनें १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला, आणि तोच मार्ग वाढत वाढत, आमच्या येडशीवरून, १९११ सालीं लातुरास पोंचला. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. मुंबईहून रायचूरकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीचे रूळ मात्र साडेपांच फुटांचे. त्यामुळें आमच्याकडील माल कुर्डुवाडीस आला कीं तेथें अडे. डबा पुढें जाऊं शकत नसे. हमालांनीं एका डब्यांतील पोतीं पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्यांत टाकावीं, आणि मगच त्या मालानें मुंबईची वाट धरावी.

माणसांचीही तीच गत. मी लहान असतां कितीदां तरी गाठोडीं घेऊन कुर्डुवाडीस उतरलों आहें आणि मोठ्या गाडीच्या फलाटावर तासन्‌तास बसलों आहें. त्या वयांत त्याचा त्रास वाटत नसे. जगाची रीतच अशी असावी, एवढीच समजूत. आजोबांच्या वयाची मंडळी मात्र बसल्या बसल्या म्हणत, "रूळ ज्याचा, डबा त्याचा." २००८ सालीं आमच्याकडील रूळ रुंद झाले, तेव्हां हें बोलणें इतिहासजमा झालें असें मला वाटलें होतें. अलीकडे तें मला अगदींच निराळ्या ठिकाणीं आठवलें. तें ठिकाण म्हणजे माझ्या धाकट्या बंधूंच्या घरांतील टीव्हीची खोली.

माझे धाकटे बंधू येडशीसच शेती पाहतात. थोरले नोकरीनिमित्त पुण्यास असतात. दोघांस एकेक मुलगा. पुण्याचा मुलगा वर्षभरानें मोठा, म्हणून येडशीचा त्यास दादा म्हणतो. मे महिन्यांत व दिवाळींत दोघे एकत्र आले म्हणजे पूर्वीं त्यांचा दिवस विहिरीवर, नाहीं तर शेतांतल्या चिंचेखालीं जाई. पुढें पुण्याच्या घरीं एक पांढरी पेटी आली आणि दिवसाचा बराच भाग तिच्यापुढें जाऊं लागला.

ज्या पालकमंडळींस या पेट्यांचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं येथें थोडें सांगणें अवश्य आहे. व्हिडिओ गेम खेळण्यासाठीं टीव्हीस जोडावयाचें जें खास यंत्र मिळतें, त्यास कन्सोल म्हणतात. जगांत आज या यंत्रांचे मोठे कारखानदार तीन: सोनी, मायक्रोसॉफ्ट व निंटेंडो. सोनीचें यंत्र प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स, निंटेंडोचें स्विच. ग्रामोफोनची तबकडी जशी कोणत्याही कारखान्याच्या ग्रामोफोनवर वाजत असे, तसें येथें नाहीं. एका यंत्रासाठीं घेतलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीं. पुष्कळसे खेळ तिन्ही यंत्रांसाठीं निरनिराळे तयार करून विकले जातात, तेव्हां याची अडचण फारशी भासत नाहीं. परंतु कांहीं खेळ मुद्दाम एकाच यंत्रासाठीं राखून ठेवण्यांत येतात. अशा खेळास खेळणारी मुलें 'एक्सक्लुझिव्ह' म्हणतात. मीं त्यास राखीव खेळ असें नांव दिलें आहे, आणि आमच्या घरांत तें रूढही झालें आहे.

धाकट्या पुतण्यानें अशी पेटी मिळावी म्हणून दोन वर्षें धीर धरला. शेतकऱ्याच्या घरांतील मुलगा कोणत्या महिन्यांत काय मागावें हें फार लवकर शिकतो. सोयाबीनचे पैसे हातीं येईपर्यंत तो गप्प राही, आणि मग एकदांच विषय काढी. तिसऱ्या वर्षीं वडिलांनीं होकार दिला. पुण्याच्या मुलाकडे होतें तें प्लेस्टेशन ५. तबकडीच्या खांचेसह तें भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं आलें तेव्हां त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एक्सबॉक्सची लहान पेटी, सीरीज एस, त्याआधीं १० नोव्हेंबर २०२० रोजीं ३४,९९० रुपयांस आली होती. पंधरा हजारांचा हा फरक नोकरदाराच्या घरीं कदाचित् दोन दिवसांच्या विचाराचा असेल. कोरडवाहू शेती करणाराच्या घरीं तो खताबियाण्याचा हिशेब होय. बंधूंनीं दुकानदारास विचारलें, "दोन्हींवर खेळ चालतात ना?" दुकानदार म्हणाला, "चालतात कीं." उत्तर खोटें नव्हतें. खेळ दोन्हींवर चालतात. कोणते चालतात हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारावयाचा असतो हें ज्यानें आयुष्यांत अशी वस्तु पाहिली नाहीं त्यास सुचावें तरी कसें? स्वस्त पेटी घरीं आली.

मुलास हवा होता तो खेळ स्पायडर-मॅनचा. कोळ्यासारखा भिंतींवर चढणारा हा अमेरिकन चित्रकथांतील नायक आमच्या गांवांतल्या मुलांस नवा नाहीं. त्याचे चित्रपट हिंदींत आले, टीव्हीवर आले, मोबाइलवर आले. त्याचें चित्र असलेलीं दप्तरें व पाण्याच्या बाटल्या बार्शीच्या बाजारांत टांगलेल्या असतात. म्हणजे नायक सर्वांचा. परंतु त्याच्यावरचा तो नामांकित खेळ २०१८ सालीं आला तो प्लेस्टेशनपुरता. इन्सोम्नियाक गेम्स या अमेरिकन मंडळीनें तो सोनीसाठीं तयार केला. पुढल्याच वर्षीं, २०१९ सालीं, ती मंडळीच सोनीनें विकत घेतली. त्याचा दुसरा भाग २० ऑक्टोबर २०२३ रोजीं आला, तोही प्लेस्टेशन ५ साठींच. हे दोन्ही खेळ कांहीं काळानें संगणकावरही आले, दुसरा भाग ३० जानेवारी २०२५ रोजीं आला. परंतु असे खेळ चालतील असा संगणक घ्यावयाचा तर त्याची किंमत पेटीहून अधिक. एक्सबॉक्सवर ते आलेले नाहींत.

दुसऱ्या भागाच्या वेळची दिवाळी मला आठवते. पुण्याचा मुलगा येडशीस आला तो तोंडीं त्या खेळाचीच कथा घेऊन. न्यूयॉर्कच्या इमारतींवरून झोंके कसे घ्यावयाचे, पंख पसरून नदी कशी ओलांडावयाची, हें तो हातवारे करून सांगत होता. धाकटा ऐकत होता. मधेंच त्यानें विचारलें, "माझ्या पेटीवर कधीं येईल, दादा?" थोरला क्षणभर थांबला व म्हणाला, "नाहीं येणार रे. तो आमचा आहे." 'आमचा' या शब्दानें मी चमकलों. ज्या मुलानें खेळ विकत घेतला एवढाच ज्याचा संबंध, त्यानें कारखानदाराच्या वतीनें 'आमचा' म्हणावें! सख्खे चुलतभाऊ, एकाच ताटांत जेवलेले. आणि त्यांच्यामध्यें सातासमुद्रांपलीकडील दोन कंपन्यांची वेस येऊन उभी राहिली. नंतर कळलें कीं जगभर मुलें अशा बाजू घेतात आणि एकमेकांशीं हिरीरीनें भांडतात. आमच्याकडे निदान भांडण झालें नाहीं. धाकटा उठून बाहेर गेला, एवढेंच.

त्या रात्रीं माझ्या मनांत प्रश्न आला: हा खेळ दुसऱ्या पेटीवर चालत नाहीं, तो यंत्राच्या रचनेमुळें कीं दुसऱ्या कांहीं कारणानें? अडीच फुटांच्या रुळावरचा डबा साडेपांच फुटांच्या रुळावर जात नसे, त्यांत कोणाची दुष्टबुद्धि नव्हती. तें लोखंडाचें माप होतें. कन्सोलचेंही असेंच असावें अशी माझी कल्पना होती. वाचून व जाणत्या लोकांस विचारून पाहिलें तेव्हां निराळेंच दिसून आलें. पूर्वीं या यंत्रांच्या अंतरंगांत खरोखर मोठा भेद असे. १९९७ सालीं 'फायनल फँटसी' या जपानी खेळाचा सातवा भाग निंटेंडोस सोडून प्लेस्टेशनवर गेला, तो निंटेंडोच्या काडतुसांत एवढा मोठा खेळ मावणें कठीण होतें व प्लेस्टेशनच्या तबकडींत तो मावत होता म्हणून. परंतु २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या यंत्रांपासून पुढें दोघांच्याही पेट्यांचें मुख्य गणनयंत्र ए.एम.डी. या एकाच कंपनीच्या घडणीचें आहे. नोव्हेंबर २०२० मध्यें जगांत आलेल्या नव्या पेट्यांचेंही तसेंच. एकाच कारखान्याचीं दोन इंजिनें निरनिराळ्या रंगांत रंगवावीं तसा हा प्रकार. अर्थात् एका पेटीवरचा खेळ दुसरीवर आणण्यास श्रम व खर्च हे पडतातच, महिनेच्या महिने लागतात. तें काम फुकट होतें असें कोणीं समजूं नये. पण रूळ आतां जवळजवळ एकाच मापाचे आहेत. फाटक आहे तें कागदाचें आहे, करारनाम्याचें आहे.

येवढें कळल्यावर कंपन्यांस दोष देऊन मोकळें होणें सोपें होतें. परंतु येडशीच्या मनुष्यास तसें करतां येत नाहीं, कारण अरुंद रुळाची दुसरी बाजू त्यास ठाऊक असते. कॅलथ्रॉपनें अडीच फुटांचें माप कां धरलें? तें स्वस्त पडतें म्हणून. रुंद रूळच पाहिजेत असा आग्रह त्या काळीं कोणीं धरला असता तर आमच्या डोंगरांत गाडी आणखी किती वर्षांनीं आली असती कोण जाणे. अडचणीची कां होईना, गाडी आली. राखीव खेळांतही असा एक वर्ग आहे. 'बायोनेटा' नांवाचा एका जादुगारणीचा खेळ २००९ सालीं प्लेस्टेशन व एक्सबॉक्स या दोन्ही यंत्रांवर आला होता. त्याचा दुसरा भाग काढण्यास पैसा मिळेना. शेवटीं निंटेंडोनें तो भार उचलला, आणि २०१४ सालीं तो भाग निंटेंडोच्या वी यू या यंत्रावरच निघाला. पहिला भाग ज्यांनीं खेळला होता तीं मुलें संतापलीं. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण खेळ रचणाऱ्यांचें म्हणणें सरळ होतें: निंटेंडो नसती तर हा खेळच नसता. ज्यानें बी दिलें त्यानें पहिलें पीक घ्यावें, यांत मला वावगें दिसत नाहीं.

याहून जवळचें उदाहरण आपल्याच पुण्याचें आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें 'राजी: अॅन एन्शंट एपिक' नांवाचा खेळ तयार केला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी एक मुलगी. तिच्या भावास, गोलूस, असुर पळवून नेतात. त्याच्या शोधांत ती निघते, आणि दुर्गेनें दिलेला त्रिशूळ हातीं घेऊन लढते. कथा सांगतात त्या दुर्गा व विष्णु या देवता. मधले प्रसंग कळसूत्री बाहुल्यांच्या छायाखेळासारखे दाखविले आहेत. भिंतींवर आपल्या जुन्या चित्रशैलींची छाप आहे. इतकीं वर्षें आमच्या मुलांनीं न्यूयॉर्कच्या व टोकियोच्या रस्त्यांवरून धांवावें आणि आपल्या देवळांच्या कमानींखालून कधीं धांवूं नये, ही उणीव या खेळानें कांहीं अंशीं भरून काढली. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक समारंभांत पदार्पणाच्या खेळांमध्यें त्याचें नामांकनही झालें.

आतां पाहा. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजीं प्रथम प्रसिद्ध झाला तो फक्त निंटेंडो स्विचवर. आणि त्या वेळीं स्विच हें यंत्र भारतांत कंपनीकडून अधिकृतपणें विकलेंच जात नव्हतें! ज्यांस तें हवें असेल त्यांनीं परदेशांतून आणलेलें, वाढीव दराचें, हमी नसलेलें यंत्र घ्यावें. पुण्यांत घडलेली, दुर्गेची व असुरांची गोष्ट जपानच्या व अमेरिकेच्या मुलांनीं आधीं खेळावी आणि पुण्याच्या मुलानें दुकानाच्या कांचेबाहेर उभें राहावें, असा तो योग होता. हें राखीवपण थोडक्या मुदतीचें होतें. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं तोच खेळ प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर आला. सारें दोन महिन्यांच्या आंत आटोपलें. लहान मंडळीच्या दृष्टीनें पाहिलें तर मोठ्या पेठेच्या दर्शनी फळीवर कांहीं आठवडे आपला माल मांडला जाणें ही सामान्य गोष्ट नव्हे. हजारों खेळांच्या गर्दींत एरवीं त्याकडे कोणीं मान वळवून पाहिलें असतें? म्हणून त्या मंडळीस मी बोल लावीत नाहीं. तरी पण तो दोन महिन्यांचा हिशेब मला अजून नीट जुळवितां येत नाहीं.

ज्या प्रकाराचें समर्थन मला मुळींच करतां येत नाहीं तो तिसरा. त्यांत कंपनी खेळ रचीत नाहीं, तो बुडतांना वांचवीतही नाहीं. सर्वत्र येणारच अशा खेळाच्या मालकास पैसे देऊन ती तो दुसऱ्या यंत्रावर येण्यापासून थोपवून धरते. 'टूम्ब रेडर' या जुन्या मालिकेचा २०१३ सालचा भाग दोन्ही यंत्रांवर होता. त्याच्या पुढचा भाग १० नोव्हेंबर २०१५ रोजीं एक्सबॉक्सवर आला. प्लेस्टेशनवर यावयास ऑक्टोबर २०१६ उजाडला. कथेचा पूर्वार्ध ज्यांनीं प्लेस्टेशनवर खेळला होता त्यांनीं उत्तरार्धासाठीं अकरा महिने वाट पाहावी. त्या अकरा महिन्यांत खेळ अधिक चांगला व्हावा म्हणून तो थांबविला नव्हता. तो कांहींजणांस मिळूं नये म्हणूनच रोख रक्कम मोजली गेली होती. कुर्डुवाडीस रूळ एका मापाचे असते आणि तरीही कोणीं मध्यें दोर बांधून आमचा डबा अडविला असता, तर आमच्या आजोबांनीं तें खचित् सहन केलें नसतें.

मोठ्या लोकांस वाटतें, एक खेळ नाहीं मिळाला तर दुसरा खेळावा. त्यांत काय एवढें? मलाही आरंभीं कोणीं विचारतें तर कदाचित् हेंच उत्तर सुचतें. परंतु मुलाच्या बाजूनें पाहिल्यास तोटा निव्वळ एका खेळाचा नसतो. क्रिकेटची बॅट कोणत्याही दुकानची असो, येडशीच्या माळावर ती चालते. मेरठचा चेंडू जालंधरच्या बॅटीस नकार देत नाहीं. हुतुतूस तर कांहींच लागत नाहीं. कन्सोल घेणारा मुलगा मात्र पेटीबरोबर आपले सोबतीही निवडीत असतो, आणि निवडतांना त्यास हें कोणीं सांगत नाहीं. वर्गांत मधल्या सुटींत ज्या खेळाची चर्चा चालते ती त्याला परकी होते. दुसरें असें कीं, एकदां घेतलेले खेळ त्या पेटीशीं बांधले जातात. उद्यां पेटी बदलावी म्हटलें तर घेतलेला एकही खेळ नव्या घरीं येत नाहीं. सारें पुन्हा विकत घ्यावें लागतें. आणि स्वस्त पेटीची स्वस्ताईही सरळ नसते. सीरीज एस हिला तबकडीची खांचच नाहीं. पुण्याचा मुलगा खेळ संपला कीं तबकडी मित्रास देतो, त्याची घेतो, किंवा जुन्या भावानें विकून टाकतो. येडशीच्या मुलास देण्याघेण्यासारखें हातांत कांहीं नाहीं. त्याचे खेळ तारेवरून येतात व त्याच्याच खात्यांत राहतात. कांहीं खेळ मासिक वर्गणी भरून मिळतात. वर्गणी थांबली कीं तेही बंद. म्हणजे ज्याच्याजवळ दोन्ही पेट्या घेण्याचें सामर्थ्य आहे त्यास राखीव खेळ ही नुसती गैरसोय. ज्याच्याजवळ एकाच पेटीचें सामर्थ्य आहे, सारा भार त्याच्यावर.

सरकारांनींही या प्रश्नाकडे पोरखेळ म्हणून पाहिलेलें नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें मायक्रोसॉफ्टनें अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही मोठी खेळमंडळी सुमारें ६९ अब्ज डॉलरांस घेण्याचें जाहीर केलें. तेव्हां अमेरिका, ब्रिटन व युरोपीय संघ येथील अधिकाऱ्यांपुढें जे मुद्दे आले त्यांत एक मोठा मुद्दा होता तो असा कीं, 'कॉल ऑफ ड्यूटी' हा त्या मंडळीचा युद्धाचा खेळ पुढें प्लेस्टेशनच्या मुलांस मिळेल कीं नाहीं. अखेर जुलै २०२३ मध्यें तो दहा वर्षें प्लेस्टेशनवर ठेवण्याचा करार सोनीबरोबर झाला, आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजीं खरेदी पुरी झाली.

दुसरीकडेही फाटकें किलकिलीं होत आहेत. निरनिराळ्या पेट्यांवरच्या मुलांनीं एकाच डावांत खेळावें यास सोनी पुष्कळ दिवस तयार नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्यें 'फोर्टनाइट'पासून तिनें त्यास वाट दिली. डिसेंबर २०१९ मध्यें 'माइनक्राफ्ट' या ठोकळे रचण्याच्या खेळांतही तसें झालें. हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असून तो प्रतिस्पर्ध्यांच्या पेट्यांवरही विकला जातो. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टनें आपले राखीव खेळ एकामागून एक प्लेस्टेशनवर पाठविण्यास आरंभ केला. सोनीनें मात्र आपले खेळ संगणकावर नेले, एक्सबॉक्सवर फारसे नेले नाहींत. ऑगस्ट २०२५ मध्यें तिनें प्रसिद्ध केलेला 'हेलडायव्हर्स २' हा खेळ एक्सबॉक्सवर आला तो अपवाद म्हणूनच लोकांच्या नजरेंत भरला. भिंत एका बाजूनें उतरली, दुसऱ्या बाजूनें तशीच राहिली.

याचा परिणाम आमच्या घरांत मोठा चमत्कारिक झाला. धाकट्याजवळ अभिमानाची एक गोष्ट होती: 'फोर्झा होरायझन ५' हा मोटारींच्या शर्यतीचा २०२१ सालचा खेळ. मेक्सिकोचीं वाळवंटें, ज्वालामुखी, पावसांत चकाकणारे रस्ते, असें सारें त्यांत आहे, आणि तो प्लेस्टेशनवर नव्हता. पुण्याचा दादा आला म्हणजे धाकटा तो मोठ्या ऐटीनें लावी. घरांत त्याच्या हातीं यजमानपण होतें तें एवढ्याच एका खेळाचें. २९ एप्रिल २०२५ रोजीं तोही प्लेस्टेशन ५ वर आला. मी त्याला म्हणालों, "चांगलेंच झालें कीं, आतां दोघांस खेळतां येईल." तो म्हणाला, "हो काका. पण त्याचं मला नाहीं आलं, आणि माझं त्याच्याकडे गेलं."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. राखीवपणा वाईट, हें मी त्याच्यापुढें वर्षभर बोलत होतों. आणि तें नाहींसें होतांच पहिली हानि त्याचीच झाली होती. त्याचें दुःख कंपनीविषयींचें नव्हतें. दादास देण्यासारखें त्याच्यापाशीं जें एक होतें, तें आतां दादाच्या घरीं आपोआप आलें होतें.

मात्र मुलें आपल्या दुःखांस फार दिवस जपत नाहींत. त्या मे महिन्यांत पुण्याचा मुलगा येडशीस येऊं शकला नाहीं. त्याचे वर्ग होते. एके रात्रीं दोघांनीं वेळ ठरविली आणि आपापल्या पेट्यांवरून एकाच शर्यतींत उतरले. आमच्याकडे त्या रात्रीं वीज होती, ही मोठीच मेहेरबानी. पुण्याच्या मुलास तेथील रस्ते ठाऊक नव्हते. धाकट्यास त्यांतलें वळण न् वळण पाठ. कानाला लावलेल्या यंत्रांतून तो दादास सांगत होता, "डावीकडं घे, पुढं ओढा आहे, हळू... आतां सोड." इतके दिवस ज्या रस्त्यांवर तो एकटा फिरला होता तेथें त्यानें दादास तासभर मागें मागें हिंडविलें. आई जेवावयास हांका मारीत होती. बंधू दारांत उभे राहून पाहत होते, त्यांनीं मला हळूच विचारलें, "हा दुसरा मोटारवाला पुण्याचा का?" मीं होय म्हटलें, तेव्हां ते बराच वेळ तेथेंच उभे राहिले.

स्पायडर-मॅन अद्याप आमच्याकडे आलेला नाहीं. धाकटा आतां त्याविषयीं विचारीतही नाहीं. मात्र नव्या खेळाची चित्रफीत मोबाइलवर आली म्हणजे त्याची पाहण्याची एक रीत झाली आहे. अशा चित्रफितीच्या अगदीं शेवटीं, क्षणभर, ज्या ज्या यंत्रांवर तो खेळ येणार त्यांचीं चिन्हें एका ओळींत दाखवितात. तो बोटानें चित्रफीत सरळ तेथवर ओढतो, ती ओळ वाचतो, आणि आपलें चिन्ह दिसलें तरच परत मागें जाऊन ती पहिल्यापासून पाहावयास लागतो.